मोटारसायकलच्या सामानपेटीच्या किल्लीची मूठ

मोटारसायकलच्या सामानपेटीच्या किल्लीची मूठ म्हणजे पेटीचे कुलूप उघडणाऱ्या किल्लीचे मूळचे चपटे डोके काढून त्याजागी बसवलेला, हाताच्या पकडीस सोयीचा गोल किंवा पैलूदार भाग होय. लांबच्या प्रवासात पेटी दिवसातून अनेकदा उघडावी लागते. दर वेळी इंजिनाच्या कुलपातून किल्ली काढून पेटीला लावणे गैरसोयीचे असल्याने काही मोटारसायकलस्वार एका जादा किल्लीचे पाते तोडून त्यावर धातूची, लाकडाची अथवा प्लास्टिकची मूठ बसवून घेतात. ही मूठ पेटीच्या कुलपात राहते आणि दरवाजाच्या मुठीप्रमाणे फिरवता येते. अशा मुठी बाजारात क्वचितच तयार मिळतात. बहुतेक मुठी हौशी स्वार स्वतः बनवतात किंवा लेथ यंत्रावर काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतात.

बाहेरून मूठ दिसत असली तरी ती मूलतः किल्लीच असते. पेटी आणि इंजिन यांची किल्ली एकच असेल तर कुलपात ठेवलेली मूठ ही संपूर्ण वाहनाची किल्ली ठरते. त्यामुळे मुठीचा आकार ठरवण्याआधी ती कोणत्या किल्लीपासून बनवायची, हे ठरवणे आवश्यक असते.

संज्ञा

मराठीत किल्ली आणि चावी हे दोन्ही शब्द रूढ आहेत. कुलपाला टाळे असेही म्हणतात. किल्लीचे मुख्य भाग दोन: कुलपात जाणारे पाते आणि बोटांत धरण्याचे डोके. पात्याच्या कडेवर कमीअधिक खोलीच्या खाचा असतात व त्यांवरूनच एक किल्ली दुसरीपासून वेगळी ठरते. खाचा न पाडलेल्या किल्लीला कोरी किल्ली म्हणतात. डोक्याऐवजी बसवलेल्या भागासाठी मराठीत स्वतंत्र शब्द रूढ नाही. सुरी, छत्री वा दरवाजा यांच्या धरण्याच्या भागास मूठ म्हणतात, त्याच अर्थाने या लेखात तो शब्द योजला आहे. मोटारसायकलच्या मागील पेटीला बोलीभाषेत डिकी म्हणतात. बाजूंच्या पेट्यांसाठी पॅनियर आणि मागील पेटीसाठी टॉप बॉक्स हे शब्दही प्रचलित आहेत.

पार्श्वभूमी

किल्लीच्या डोक्याला आकार देण्याची परंपरा जुनी आहे. प्राचीन रोममध्ये बोटात अंगठीप्रमाणे घालता येतील अशा लहान किल्ल्या वापरात होत्या. तेथे किल्लीचे डोके हीच अंगठी असे. मध्ययुगानंतरच्या युरोपात किल्ल्यांची डोकी नक्षीकामाने सजवली जात आणि ती कारागिराच्या कौशल्याची खूण मानली जाई. महाराष्ट्रात घरच्या गृहिणीच्या कमरेला असलेला किल्ल्यांचा जुडगा हे तिच्या अधिकाराचे चिन्ह समजले जात असे.

आजच्या चपट्या किल्लीचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. अमेरिकन संशोधक लायनस येल, धाकटे, यांनी १८६१ आणि १८६५ साली खिळ्यांच्या कुलपाची पेटंटे घेतली. त्या कुलपामुळे किल्ली लहान, पातळ आणि खिशात मावणारी झाली. १८६८ साली फिलिप फेल्टर यांना पातळ पत्र्यांच्या कुलपाचे पेटंट मिळाले. न्यूयॉर्क राज्यातील कॅझेनोव्हिया येथे तयार होणाऱ्या या कुलपात खिळ्यांच्या जोड्यांऐवजी एकसंध पत्र्या असल्याने ते बनवण्यास स्वस्त पडे. पुढे वाहने, कपाटे, टपालपेट्या आणि सामानाच्या पेट्या यांत याच जातीची कुलपे सर्वाधिक वापरली गेली. भारतात अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचे उत्पादन सुरू केले. उत्तर प्रदेशातील अलिगढ हे शहरही कुलपांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे.

मोटारसायकलवर कुलूपबंद कठीण पेट्या बसवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. क्राउझर या जर्मन कंपनीच्या पेट्या १९७० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकलींवर दिसू लागल्या. माजी शर्यतपटू ज्युझेप्पे व्हिसेन्झी यांनी १९७८ साली इटलीत जिव्ही ही कंपनी स्थापन केली. ती पुढे या पेट्यांसाठी जगभर ओळखली जाऊ लागली. १९८० साली होंडा कंपनीने गोल्ड विंग मोटारसायकलच्या इंटरस्टेट या आवृत्तीत पेट्या कारखान्यातूनच बसवून दिल्या. एका वाहनावर इंजिन, इंधनटाकी, आसन आणि दोन-तीन पेट्या अशी अनेक कुलपे आली. त्या सर्वांना एकच किल्ली लागू करण्याची पद्धत सोयीची ठरली आणि किल्लीच्या मुठीचा प्रश्न याच सोयीतून उद्भवला.

कुलपाची रचना

मूठ बनवण्यापूर्वी कुलपाचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. सामानपेटीच्या कुलपात साधारणतः एक स्थिर कवच आणि त्याच्या आत फिरणारा दंडगोलाकार गाभा असतो. गाभ्यात आडव्या खाचांत पातळ पत्र्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पत्रीच्या मध्यभागी एक चौकोनी भोक असते आणि प्रत्येकीला एक लहान स्प्रिंग बाजूला ढकलत असते. किल्ली नसताना पत्र्यांची टोके गाभ्याबाहेर येऊन कवचातील खोबणीत अडकतात, त्यामुळे गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेल्यावर तिच्या खाचा प्रत्येक पत्रीला नेमक्या उंचीवर आणतात. सर्व पत्र्यांची टोके गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत आली की गाभा फिरतो आणि त्याच्या मागे जोडलेली पट्टी झाकणाची खिटी मोकळी करते.

किल्ली कोणत्या स्थितीत बाहेर काढता येईल, हेही याच रचनेवर ठरते. किल्ली बाहेर ओढताना तिचे दाते पत्र्यांना वर-खाली हलवतात. पत्र्यांसमोर कवचातील खोबणी असेल तरच त्यांना हलण्यास जागा मिळते. नसेल तर किल्ली अडकून राहते. ज्या कुलपाला बंद स्थितीसमोरच खोबणी असते, त्यातून उघड्या स्थितीत किल्ली काढता येत नाही. दोन्ही स्थितींसमोर खोबणी असल्यास दोन्ही ठिकाणी किल्ली निघते. पहिल्या प्रकारच्या कुलपात मूठ उघड्या स्थितीत घट्ट राहते आणि सहजासहजी पडत नाही. दुसऱ्या प्रकारात धक्क्यांनी ती निसटून रस्त्यावर पडू शकते, म्हणून तिला दोरी बांधणे किंवा प्रवास सुरू करण्यापूर्वी ती काढून घेणे श्रेयस्कर असते.

मुठीची गरज

चपटी किल्ली चिमटीत धरून फिरवावी लागते. थंडीत बोटे बधिर झाली असता, हातमोजे घातले असता किंवा सांधेदुखीचा त्रास असता ही चिमूट अवघड जाते. फिरवण्याचा परिणाम हा लावलेले बल आणि केंद्रापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराइतका असतो. २४ मिलिमीटर रुंदीच्या डोक्यावर बोटांचे बल केंद्रापासून १२ मिलिमीटरवर लागते; ३६ मिलिमीटर व्यासाच्या मुठीवर ते १८ मिलिमीटरवर लागते. म्हणजे तितक्याच बलात दीडपट परिणाम साधतो. शिवाय गोल मूठ सर्व बोटांनी धरता येते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. किल्ल्या बहुधा पितळेच्या अथवा तांबे, निकेल व जस्त यांच्या जर्मन सिल्व्हर या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांचे पाते साधारण दोन मिलिमीटर जाडीचे असते. चपट्या डोक्यावर कुलूप अडकल्याचे बोटांना लगेच जाणवते आणि माणूस थांबतो. मोठ्या मुठीवर ती जाणीव उशिरा होते आणि तोवर पाते पिळले जाऊन कुलपात तुटू शकते. म्हणून मूठ पकडीला पुरेल इतकीच मोठी ठेवावी. घट्ट झालेल्या कुलपावरचा उपाय मोठी मूठ नसून कुलपाची सफाई हा आहे.

साहित्य

मुठीसाठी पुढील साहित्य वापरले जाते. तुलनेसाठी ३० मिलिमीटर व्यास आणि २० मिलिमीटर उंचीच्या भरीव मुठीचे वजन दिले आहे. अशा मुठीचे घनफळ सुमारे १४ घन सेंटिमीटर भरते.

ॲल्युमिनियम: वजन सुमारे ३८ ग्रॅम. लेथवर सहज कातता येते, गंजत नाही आणि टिकाऊ असते. हौशी कारागिरांची ही सर्वसाधारण निवड आहे.

पितळ: वजन सुमारे १२० ग्रॅम. दिसण्यास सुंदर आणि कातण्यास सोपे, परंतु तिपटीहून अधिक जड. हादऱ्यांमुळे कुलपावर भार येत असल्याने पितळेची मूठ आतून पोकळ करणे इष्ट असते.

ॲसिटल प्लास्टिक: वजन सुमारे २० ग्रॅम. हलके आणि घासण्यास टणक. मात्र त्याला गोंद नीट चिकटत नाही, म्हणून स्क्रू किंवा आडवी पिन आवश्यक ठरते.

लाकूड: शिसव किंवा सागवान यांसारखे घट्ट लाकूड वापरतात. पाणी मुरू नये म्हणून त्यावर तेलाचा अथवा व्हार्निशचा थर द्यावा लागतो.

त्रिमितीय मुद्रणाचे प्लास्टिक: घरगुती मुद्रणयंत्रात सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या काळ्या पेटीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत आणि एबीएस सुमारे १०० अंशांपर्यंत टिकाव धरते, त्यामुळे उष्ण प्रदेशात ही प्लास्टिके अधिक योग्य ठरतात.

बनवण्याची पद्धत

मूळ किल्ली कधीही तोडू नये, हा या कामातील पहिला नियम आहे. प्रथम किल्ली बनवणाऱ्या कारागिराकडून कोऱ्या किल्लीवर नक्कल करून घेतात. ती पेटीच्या कुलपात किमान काही दिवस वापरून पाहतात. नक्कल अडखळत असेल तर तीवर मूठ बसवून उपयोग नसतो. दोष मुठीत आहे की खाचांत आहे, हे नंतर कळत नाही.

किल्ली पूर्ण आत घातल्यावर कुलपाच्या तोंडाबाहेर किती पाते उरते, हे मोजतात. मुठीचा तळ कुलपाच्या तोंडापासून एक ते दोन मिलिमीटर दूर राहील, अशा बेताने बाहेरच्या भागावर खूण करतात. हे अंतर न ठेवल्यास मूठ पेटीला घासते; जास्त ठेवल्यास पात्याचा उघडा भाग वाकण्याची भीती असते.

त्यानंतर पाते कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरतात आणि करवतीने डोक्याच्या कडा कापतात. डोके पूर्ण उडवण्याऐवजी त्याची १० ते १५ मिलिमीटर लांबीची जीभ शिल्लक ठेवतात. हीच जीभ मुठीत रुतते. जिभेवर कानशीने आडवे ओरखडे काढतात आणि मध्यभागी एक लहान भोक पाडतात.

मुठीच्या तळाशी जिभेच्या मापाची खाच पाडली जाते. लेथवर अशी चपटी खाच पडत नाही. म्हणून शेजारीशेजारी ड्रिलची भोके पाडून मधला भाग बारीक कानशीने काढतात. खाच बरोबर केंद्रात असणे महत्त्वाचे आहे. ती बाजूला सरकल्यास मूठ फिरताना हेलकावे खाते आणि प्रत्येक फेरीत पाते वाकवते.

जोडणीसाठी दोन घटकांचे इपॉक्सी वापरतात. जीभ आणि खाच तेलकट राहू न देता स्वच्छ पुसतात, इपॉक्सी भरतात आणि मुठीच्या बाजूने आडवी पिन किंवा बिनडोक्याचा स्क्रू जिभेच्या भोकातून घालतात. इपॉक्सी मूठ ओढली जाऊ देत नाही, तर पिन तिला पात्याभोवती फिरू देत नाही. इपॉक्सी पूर्ण आवळण्यास सामान्यतः २४ तास देतात. हे काम पाते कुलपाबाहेर ठेवूनच करावे. ओघळलेले इपॉक्सी कुलपात शिरल्यास संपूर्ण कुलूप बदलावे लागते.

शेवटी मुठीच्या वरच्या बाजूस उघड्या-बंद स्थितीची खूण कोरतात. चपट्या किल्लीची दिशा नजरेला दिसते, गोल मुठीची दिसत नाही. खूण नसेल तर पेटी बंद आहे की नाही, हे लांबून सांगता येत नाही.

एकच किल्ली आणि सुरक्षितता

अनेक मोटारसायकलींवर इंजिन, हँडल लॉक आणि पेट्या यांना एकच किल्ली लागू असते. अशा किल्लीची पूर्ण नक्कल मूठ म्हणून पेटीत ठेवल्यास ती ओढून काढणारा कोणीही गाडीचे हँडल मोकळे करू शकतो. नव्या मोटारसायकलींत इमोबिलायझर असतो. त्याची चिप किल्लीच्या डोक्यात असते आणि ती ओळख पटल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. चिप नसलेल्या नकलेने इंजिन सुरू झाले नाही, तरी हँडल लॉक उघडतेच आणि गाडी ढकलत नेता येते. इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांत तर तेवढेही संरक्षण नसते.

हा धोका टाळण्याचे तीन मार्ग वापरले जातात. पहिला म्हणजे पेट्यांची कुलपे वेगळ्या किल्लीची बसवणे. स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या पेट्यांना मुळातच वेगळी किल्ली असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. दुसरा मार्ग नकलेचे पाते आखूड करण्याचा आहे. पेटीच्या कुलपात इंजिनाच्या कुलपापेक्षा कमी पत्र्या असतील, तर तिला लागतील तेवढ्याच खाचा ठेवून उरलेले टोक कापता येते. असे पाते पेटी उघडते, पण इंजिनाचे कुलूप फिरवू शकत नाही. कापल्यानंतर ते इंजिनाच्या कुलपात प्रत्यक्ष लावून खात्री करून घेणे अनिवार्य आहे. तिसरा मार्ग शिस्तीचा आहे: गाडी नजरेआड होण्यापूर्वी कुलूप बंद करून मूठ काढून खिशात ठेवणे.

किल्लीवर कोरलेला सांकेतिक क्रमांकही दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्या क्रमांकावरून मूळ किल्ली न पाहता नवी किल्ली पाडता येते. डोके कापण्यापूर्वी हा क्रमांक घरी टिपून ठेवावा. मुठीवर तो कोरू नये.

मुठीचे वजन: एक धडा

किल्लीच्या डोक्याचा आकार व त्यावरील वजन ही किरकोळ बाब नाही, याचा अनुभव मोटारींच्या क्षेत्रात आला. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने फेब्रुवारी २०१४ पासून इंजिनाच्या स्विचमधील दोषामुळे सुमारे २६ लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. स्विच फिरण्यास हवा तेवढा विरोध करत नव्हता. किल्लीला लटकलेल्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चालत्या गाडीत किल्ली फिरे, इंजिन बंद पडे आणि सुरक्षेच्या हवापिशव्याही निकामी होत. कंपनीने स्थापन केलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी संबंधित म्हणून मान्य केले. त्याच वर्षी जून महिन्यात परत बोलावलेल्या आणखी तीस लाखांहून अधिक मोटारींच्या बाबतीत किल्लीच्या डोक्यातील लांबट फट बुजवून तेथे लहान गोल भोक ठेवणे हा उपाय योजला गेला, कारण फटीत कडी एका टोकाला सरकली की जुडग्याचे वजन केंद्रापासून दूर लागत असे. कॅमेरो या मोटारीची घडीची किल्ली गुडघ्याला लागत असल्याने ती साध्या किल्लीने बदलण्यात आली.

या घटनेवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पेटीसाठी बनवलेली मूठ इंजिनाच्या किल्लीवर कधीही बसवू नये. तसेच पेटीच्या कुलपातही मूठ हलकी आणि तोल साधलेली असावी. एका बाजूला जड असलेली मूठ खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनी स्वतःच फिरू शकते. चालत्या मोटारसायकलवरून पेटीचे झाकण उघडले किंवा पेटी निखळली, तर त्याचा धोका मागून येणाऱ्या वाहनालाही असतो. म्हणून अनेक स्वार प्रवासात मूठ बंद स्थितीतच ठेवतात आणि झाकणावरून जादा पट्टा आवळतात.

देखभाल

कुलपाच्या तोंडावर धूळ व पाणी अडवणारी लहान झडप असते. मूठ आत राहिल्यास ती सतत उघडी राहते. यासाठी मुठीच्या तळाशी कडा ठेवून तीत रबरी ओ-रिंग बसवली जाते. भारतातील पावसाळा आणि कोकणची खारी हवा लक्षात घेता ही काळजी विशेष गरजेची आहे. कुलपात घट्ट तेल घातल्यास त्यावर धूळ चिकटून पत्र्या अडकतात. त्याऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरतात. पाते वाकलेले, खाचा झिजलेल्या किंवा मूठ सैल झालेली आढळल्यास ती दुरुस्त करत न बसता मूळ किल्लीवरून नवी नक्कल घ्यावी. नकलेवरून नक्कल घेतल्यास प्रत्येक वेळी खाचांतील चूक वाढत जाते.

भारतातील स्थिती

भारतात दुचाकीच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. फरिदाबाद येथील स्टड्स ही शिरस्त्राणे बनवणारी कंपनी अशा पेट्याही तयार करते. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेल्या मोटारसायकलींवर बाजूच्या धातूच्या पेट्या बसवण्याची पद्धत अलीकडच्या काळात वाढली आहे. मूठ बनवण्यासाठी लागणारी दोन्ही कौशल्ये, म्हणजे किल्लीची नक्कल आणि लेथचे काम, महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत उपलब्ध आहेत. किल्ली करणारे कारागीर बाजारपेठेच्या रस्त्यावर लहानशा टपरीत बसतात, तर लेथची कामे औद्योगिक वसाहतींतील छोट्या कारखान्यांत होतात. मुठीचे रेखाचित्र, पात्याची मापे आणि कुलूप कोणत्या स्थितीत किल्ली सोडते याची नोंद सोबत नेल्यास काम अचूक होते.

हेही पाहा

कुलूप
किल्ली
लेथ यंत्र
मोटारसायकल
त्रिमितीय मुद्रण